‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी

उरण, द्रोणागिरी, जासई, करळ फाटा या पट्ट्यातल्या वाचकांकडून एकच शंका वेगवेगळ्या रूपांत येते. कस्टम्स एजंटच्या कचेरीतला मुलगा विचारतो, ‘‘शिपिंग बिल सबमिट होत नाहीये. कस्टम्सचं आइसगेट पोर्टल बंद आहे की आमचं नेट?’’ ट्रेलरमालक विचारतात, ‘‘बंदरात शिरायचा फॉर्म १३ निघाला नाही म्हणून गाडी रात्रभर गेटबाहेर उभी होती. हा भुर्दंड कोणी सोसायचा?’’ आणि सोसायट्यांमधून विचारणा होते ती अशी, की पहिल्या पावसाला दरवर्षी नेट जातं, ते जाणार हे आधी कळायची काही सोय आहे का?

सोय आहे, पण ती फुकट मिळत नाही. रोजची पाच मिनिटं आणि एक नोंदवही लागते. ही वही तीन कामं करते. बिघाड कुठं आहे ते सांगते, पुढचा कधी येईल याचा अंदाज देते आणि भरपाई मागायला गेलात की पुरावा म्हणून उभी राहते. बाकीचा लेख या वहीत काय लिहायचं आणि ते कसं वापरायचं याबद्दल आहे. त्याआधी इथलाच एक जुना बिघाड आठवू.

२७ जून २०१७ला काय घडलं

न्हावा शेवा बंदरात काम करणाऱ्या जुन्या मंडळींना हा दिवस आठवत असेल. त्या बंदरातलं, म्हणजे जेएनपीटीमधलं, गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल एकाएकी ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, माणसं हजर होती, जहाज धक्क्याला होतं. पण कोणता कंटेनर कुठं ठेवलाय आणि कोणाला द्यायचाय हे सांगणारे संगणक उघडत नव्हते. काम हातानं करायची वेळ आली, बाहेर गाड्या तुंबल्या आणि बंदर प्रशासनाला त्या उभ्या करायला जादा जागा शोधावी लागली.

या बिघाडाचं मूळ उरणात नव्हतंच. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला. उरणचं टर्मिनल त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं. पुढे जानेवारी २०१८मध्ये दावोसला मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं, की कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. नुकसानीचा आकडा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात होता.

त्यातली एक गोष्ट प्रत्येक कचेरीनं लक्षात ठेवावी. कोणाला कुठं प्रवेश आहे याची किल्ली सांभाळणारे कंपनीचे सगळे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते. त्यामुळे एक गेला तसे सगळे गेले. वाचला तो घानामधला एक, आणि तोही हल्ल्याच्या वेळी तिथं वीज गेली होती म्हणून. नकला भरपूर होत्या, पण जाळ्याबाहेर ठेवलेली एकही नव्हती.

फेब्रुवारी २०२२मध्ये याच बंदरातल्या जेएनपीसीटी टर्मिनलची संगणक यंत्रणा रॅन्समवेअरच्या संशयित हल्ल्यानं बंद पडली आणि जहाजं शेजारच्या टर्मिनलकडे वळवावी लागली. म्हणजे उरणकरांसाठी हा विषय परदेशातला नाही. बंदर, कस्टम्स, सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन), शिपिंग लाइन, बँक आणि तुमची कचेरी हे सगळे एका माळेत ओवलेले आहेत. एक मणी निखळला की गाडी गेटवर थांबते.

तुटलं कुठं, ते पाच मिनिटांत ओळखा

फोन लावण्याआधी खालच्या क्रमानं जा. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी आधीची शंका मिटवते.

१. दिवे पाहा. फायबर लाइन असेल तर कंपनीनं दिलेल्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी डबा दहादा बंद-चालू करून काही होत नाही. घरातली वायर पिरगळलेली नाही एवढं बघा आणि तक्रार नोंदवा.

२. राउटरला हाक मारा. संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि डब्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. उत्तर आलं नाही तर दोष तुमच्या खोलीतच आहे. वायफाय, वायर, स्विच किंवा खुद्द संगणक तपासा.

३. बाहेरचा पत्ता. आता ८.८.८.८ आणि १.१.१.१ या दोन्हींना पिंग करा. राउटर बोलतोय पण हे दोन्ही गप्प आहेत, तर बिघाड तुमच्या इंटरनेट कंपनीकडे. दोन पत्ते मुद्दाम सांगतो आहे. एकाच्या गप्प राहण्यावरून निकाल देऊ नका.

४. आकडा चालतो, नाव चालत नाही. पत्त्यांना उत्तर येतं पण कोणतीही साइट नावानं उघडत नाही, असं झालं तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा पडलेली आहे. राउटरमध्ये दुसरा डीएनएस टाकला की काम लगेच सुरू होतं.

५. एकच पोर्टल बंद. बाकी सगळं चालतं, फक्त आइसगेट किंवा ई-वे बिल उघडत नाही. तेव्हा मोबाइलचं वायफाय बंद करा आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तेच पोर्टल उघडून बघा. दोन वेगळ्या वाटांनी एकच दार ठोठावायचं. दोन्हीकडून उघडलं नाही तर पोर्टल बंद असण्याची शक्यता दाट. सिमवरून उघडलं तर वाट तुमची अडलेली आहे.

६. पोर्टल उघडतं, सबमिट होत नाही. इथं सर्वाधिक वेळ वाया जातो. आधी डिजिटल सिग्नेचरची मुदत संपली आहे का ते पाहा, मग टोकनचं ड्रायव्हर, मग सही करणारं सॉफ्टवेअर. कचेऱ्यांमध्ये ज्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतात त्यातला बराच भाग म्हणजे मुदत संपलेली सही असते.

प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहा: तारीख, वेळ, कितव्या पायरीवर अडलं, कोणाला कळवलं, तक्रार क्रमांक काय मिळाला, पुन्हा कधी सुरू झालं. स्क्रीनशॉट काढताना कोपऱ्यातलं घड्याळ दिसू द्या.

जाण्याआधीच्या खुणा

नेट अचानक जातं असं आपण म्हणतो. पण बऱ्याच वेळा ते आधी कुरकुरत असतं आणि आपल्याला ते ऐकू येत नाही.

फायबरचं उदाहरण घ्या. डब्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाची ताकद राउटरच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’ या नावानं दिसते. ती उणे आकड्यांत असते. उणे २० म्हणजे तब्येत चांगली. घरोघरच्या फायबरमध्ये साधारण उणे २७-२८च्या पलीकडे डब्याला काही वाचता येत नाही. आता समजा, जानेवारीत तुमचा आकडा उणे २०, मार्चमध्ये उणे २३ आणि मेअखेर उणे २५ झाला. कुठल्या तरी जोडात ओल किंवा धूळ शिरते आहे, नाहीतर केबल कुठंतरी वाकते आहे. पहिल्या पावसाला ही लाइन जाणार, हे मे महिन्यातच सांगता येतं. आपल्याकडे खाडीची दमट, खारट हवा वर्षभर असते. खांबावरच्या जोडपेटीचं झाकण नीट बसलेलं नसेल तर आतलं सगळं लवकर खराब होतं. महिन्याच्या एक तारखेला हा आकडा वहीत लिहा. तीनपेक्षा जास्त घसरला की लाइन चालू असतानाच कंपनीला बोलवा. ‘‘चालतंय की साहेब’’ हे उत्तर मिळेल. तेव्हा आधीच्या महिन्यांचे आकडे पुढे करा.

दुसरी खूण म्हणजे हरवलेल्या हाका. कचेरीतल्या जाणत्या माणसाकडून शंभर पिंग एकदम पाठवणारी छोटी फाइल करून घ्या आणि सकाळी कामाआधी चालवा. शंभरातल्या शंभर परत आल्या तर ठीक. एक-दोन रोज हरवू लागल्या तर लक्ष ठेवा. पाच-सहा हरवू लागल्या, की तुमचं ब्राउझिंग चालेल, पण पोर्टलवर मोठी फाइल चढताना अडकेल. वायफायवरून मोजू नका. वायर लावून मोजा, नाहीतर भिंतीचा दोष कंपनीच्या माथी माराल.

उरलेल्या खुणा पटकन सांगतो:

- यूपीएसची बॅटरी. महिन्यातून एकदा प्लग काढून किती मिनिटं टिकते ते मोजा. वीस मिनिटांवरून आठवर आली की बदला.
- डिस्क भरणं. सर्व्हरची डिस्क आज ८० टक्के भरलेली आहे आणि रोज एक टक्का भरते आहे, तर वीस दिवस उरले. हे भाकीत करायला कोणतंही यंत्र लागत नाही.
- मुदती. डिजिटल सिग्नेचर, वेबसाइटचं प्रमाणपत्र, डोमेन, अँटिव्हायरस, इंटरनेटचा प्लॅन. या पाच तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येकीच्या एक महिना आधी खूण करा.
- खोदकाम. रस्ता खणला जाणार आहे हे दिसलं, की केबल तुटणार असं धरून चाला. सरकारनं मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. खणणाऱ्यानं त्यावर आधी कळवायचं आणि जमिनीखालच्या केबलवाल्यांना सूचना जायची, अशी ती व्यवस्था. तुमच्या सोसायटीचं काम असेल तर कंत्राटदाराला ती वापरायला लावा.
- जाहीर दुरुस्ती. आइसगेटवर देखभालीच्या वेळा आधी लावतात. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊसच्या पब्लिक नोटिसा निघतात. शुक्रवारी दुपारी दोन्ही पाहायची सवय ठेवा.

काल काय बदललं?

बिघाडाचा शोध घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकात म्हटलं आहे, की साधारण ७० टक्के बिघाड चालू यंत्रणेत केलेल्या बदलामुळे होतात. नवीन अपडेट, नवी सेटिंग, नवा स्विच, बदललेला पासवर्ड. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतात विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाइल आधी थोड्या संगणकांवर टाकून पाहिली असती तर निभावलं असतं.

म्हणून कचेरी लहान असली तरी तीन नियम पाळा. जहाजाच्या कट-ऑफच्या (कंटेनर आत घेण्याच्या शेवटच्या) दिवशी आणि महिनाअखेरीला कोणताही बदल करू नका. बदल आधी एकाच संगणकावर करा आणि एक दिवस थांबा. आणि केलेला प्रत्येक बदल, अगदी ‘वायफायचा पासवर्ड बदलला’ एवढासुद्धा, वहीत लिहा. अपडेट टाळा असं मात्र मी सांगत नाही. नॉटपेट्यानं ज्या भगदाडाचा फायदा घेतला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७लाच दिलं होतं, हल्ल्याच्या तीन महिने आधी. आणि ठिगळ लावलेले संगणकही वाचले नाहीत. कारण एका संगणकातून चोरलेला पासवर्ड शेजारच्या शंभरांना चालत होता. हिशेबाचा संगणक, गेटवरचा संगणक आणि पाहुण्यांचं वायफाय ही तीन जाळी वेगळी ठेवा आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवा.

मोठं जाळं तुमच्या हाती असेल तर

हा भाग सीएफएस, गोदामं, रुग्णालयं आणि महाविद्यालयं इथल्या तंत्रज्ञांसाठी आहे. इतरांनी पुढच्या मथळ्यावर गेलात तरी चालेल.

वाढत्या जाळ्याची खरी अडचण ही, की ते कागदावरच्या नकाशापेक्षा वेगानं बदलतं. गेल्या वर्षी गेटवर दोन कॅमेरे होते, आज चौदा आहेत. मधे कोणीतरी गोदामात एक स्वस्तातला स्विच लावून ठेवलाय, तो कोणत्याच यादीत नाही. तो गेला की अर्धं यार्ड अंधारात जातं आणि देखरेखीच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसत राहतं. म्हणून देखरेखीची सुरुवात यादीपासून. झॅबिक्स, नागिओस, लिब्रेएनएमएस ही फुकट मिळणारी साधनं चांगली आहेत. पण महिन्यातून एकदा जाळं झाडून काढा, नव्यानं सापडलेली साधनं यादीत घाला, गेलेली काढा.

इशाऱ्यांबाबत चार गोष्टी अनुभवाच्या:

- एक पिंग चुकला म्हणून घंटा वाजवू नका. सलग तीन चुकले की वाजवा. उगाच वाजणारी घंटा रात्रपाळीचा माणूस आठवड्याभरात बंद करून टाकतो, आणि मग खरी वेळ येते तेव्हा ती बंदच असते.
- एक मुख्य स्विच गेला की त्यामागची चाळीस साधनं ओरडतात. कोण कोणाच्या मागं आहे हे साधनाला सांगून ठेवा, म्हणजे इशारा एकच येतो.
- आजच्या गर्दीची तुलना कालच्याशी करू नका. जहाज लागलेला मंगळवार आधीच्या तशाच मंगळवाराशी ताडून पाहा. नेहमीपेक्षा वाहतूक फार वाढली तर शंका घ्या. नेहमीपेक्षा फार कमी झाली तर जास्त शंका घ्या, कारण कमी वाहतुकीवर कोणी घंटा लावत नाही.
- पहारेकरी वाड्याच्या बाहेरही हवा. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक सुमारे सहा तास जगाच्या नकाशावरून गेलं. देखभालीच्या एका आज्ञेनं त्यांचं अंतर्गत जाळंच तुटलं, आणि दुरुस्तीची साधनं त्याच जाळ्यावर असल्यानं अभियंत्यांना आत शिरणंही कठीण झालं. तुमची देखरेख निदान एका वेगळ्या सिमवर चालू ठेवा. महत्त्वाचे फोन नंबर भिंतीवर कागदावर लावा.

शिवाय सगळ्या साधनांची घड्याळं जुळवा. गेटचा संगणक सात मिनिटं मागं आणि सर्व्हर तीन मिनिटं पुढं असेल तर आधी काय पडलं ते कधीच कळणार नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानं घड्याळं जुळवणं आणि नोंदी १८० दिवस जपणं कंपन्यांना बंधनकारकच आहे.

हल्ली ‘कृत्रिम बुद्धिमत्तेनं बिघाड आधीच सांगतो’ म्हणून विक्रेते येतात. माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याकडे खरी यादी आणि सहा महिन्यांच्या नीट नोंदी असतील तरच ते विकत घेण्याचा विचार करा. नसतील तर ते पैसे यूपीएसवर खर्च करा.

दुसरी लाइन घेताना फसू नका

माझ्या ओळखीच्या एका वाहतूक कचेरीनं दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. एका दुपारी दोन्ही एकदम गेल्या. खाली उतरून पाहिलं तर दोन्ही केबली एकाच खांबावरून आल्या होत्या आणि तो खांब मागं येणाऱ्या ट्रेलरनं वाकवला होता. बिलं दोन होती, वाट एकच होती.

त्यामुळे दुसरी लाइन घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: केबल कोणत्या खांबांवरून येते? पुढे कोणत्या रस्त्यानं बाहेर जाते? तुम्ही तुमचं जाळं वापरता की पहिल्याच कंपनीकडून भाड्यानं घेता? उत्तर लेखी मागा. दुसरी फायबरच हवी असा हट्ट धरू नका. एक फायबर आणि एक हवेतून येणारी, म्हणजे मोबाइल टॉवरवरची जोडणी, ही जोडी लहान कचेरीला जास्त उपयोगी पडते. मात्र लांबचा पल्ला दोघांचाही समुद्राखालच्या त्याच केबलींवरून जातो. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रातल्या केबली तुटल्या तेव्हा भारतातही परदेशी सेवा मंदावल्या होत्या. त्यावर आपल्या पातळीवर इलाज नाही.

करारात टक्केवारी वाचताना तास मोजा. ९९ टक्के सेवा म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद चालेल असा करार. ९९.५ टक्के म्हणजे सुमारे ४४ तास, ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. ‘नव्याण्णव टक्के’ ऐकायला गोड वाटतं म्हणून सांगितलं.

बंद पडलंच, तर काम कसं पुढे न्यायचं

ई-वे बिल: १ जुलै २०२५पासून दुसरं पोर्टल सुरू झालं आहे. पहिलं चालत नसेल तर तिथं जा. बिलाची मुदत वाढवायला संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढीच मुभा असते. गाडी करळ फाट्याला अडकली असेल तर चालकाच्या फोनची वाट पाहू नका, ही मुदत आधी पाहा.

कस्टम्स: बिल ऑफ एंट्री उशिरा भरल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये आकार लागू शकतो. पण उशिराला पुरेसं कारण होतं असं अधिकाऱ्याचं समाधान झालं तर तो लागत नाही. ‘सर्व्हर डाऊन होता’ असं तोंडी सांगून कोणाचं समाधान होत नाही. पोर्टल अडलं त्याच तासात आइसगेटच्या मदतकक्षाला ईमेल करा, स्क्रीनशॉट जोडा, तिकीट क्रमांक घ्या. एप्रिल २०२३मध्ये इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर सुरू होताना पोर्टल अडखळलं, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं त्या काळातलं व्याज आदेश काढून माफ केलं होतं. दोष सरकारी यंत्रणेचा असेल तर सवलत मागण्यात संकोच नको.

टर्मिनल आणि शिपिंग लाइन: कंटेनरचा कट-ऑफ चुकणार असं दिसताच लेखी कळवा आणि मुदतवाढ मागा. डेमरेज-डिटेन्शनचं बिल आल्यावर मागाहून भांडण्यापेक्षा त्या दिवशीचा ईमेल जास्त कामाला येतो.

पैसे: यूपीआय अडकलं की पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. १२ एप्रिल २०२५च्या मोठ्या बिघाडामागं असाच विनंत्यांचा मारा होता. व्यवहार झाला का, हे विचारणाऱ्या विनंत्यांचा बँकांकडून पूर आला आणि यंत्रणा त्याखाली दबली. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते. नेट नसेल तर *९९# हा मार्ग आहे, आणि ट्रेलरचालकाजवळ थोडी रोकड असू द्या.

तुमचे हक्क आणि त्यांच्या मर्यादा

दूरसंचार कंपनी. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४च्या सेवा-दर्जा नियमांप्रमाणे जिल्हा पातळीवर सेवा सलग २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ मिळायला हवी. एका दिवसात १२ तासांपेक्षा जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरतात. नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. आणि ‘जिल्हा’ हा शब्द नीट वाचा. उरण रायगड जिल्ह्यात येतं. फक्त तुमच्या गल्लीतली केबल तुटली तर हा नियम तुमच्या हाती थेट पडत नाही, तिथं तुमचा करार आणि तक्रार क्रमांक कामाला येतो.

तक्रारीची वाट अशी: आधी कंपनीकडे नोंदवा आणि डॉकेट क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करा. त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिथं पत्र पाठवून महिने घालवू नका.

ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे, पण अर्ज ऑनलाइनही करता येतो. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. खाचखळगा एकच: सेवा व्यापारी कामासाठी घेतली असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेल्या छोट्या व्यवसायाला मात्र यातून सूट आहे. एका ट्रेलरचा मालक-चालक आणि चाळीस ट्रेलरची कंपनी यांत हा फरक पडू शकतो. घाई करण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला फोन करा.

बँक. यूपीआयनं खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या व्यक्तीला पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले अडकले किंवा एटीएममधून नोटा निघाल्या नाहीत, तर पाच दिवस. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती बँकेनं आपणहून द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा आदेश आहे. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. शुल्क नाही.

पुरावा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे स्क्रीनशॉट किंवा छापील ईमेल न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फाइल आणि ज्या फोनवर काढली तो फोन, दोन्ही जपा.

हा बिघाड नाही, हल्ला आहे असं वाटलं तर

फाइलींची नावं आपोआप बदलली, खंडणीची चिठ्ठी पडद्यावर आली, एकामागून एक संगणक बंद पडू लागले, तर आधी नेटची वायर उपटा. वायफाय बंद करा. संगणक फॉरमॅट करू नका, कारण तपासाला लागणारं सगळं त्यात आहे. कंपनी असाल तर सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. उशीर झाला की रक्कम गोठवणं कठीण होतं. आणि रोजची नक्कल ज्या डिस्कवर घेता ती काम झाल्यावर काढून कपाटात ठेवत असाल, तर तुमची कचेरी दोन दिवसांत उभी राहील. ती डिस्क कायम संगणकाला लावलेली असेल तर ती नक्कल तुमच्या कामाची नाही.

आज कचेरीला कुलूप लावण्याआधी एवढं करा: वहीच्या पहिल्या पानावर डिजिटल सिग्नेचर संपण्याची तारीख लिहा, त्याखाली आरएक्स पॉवरचा आजचा आकडा लिहा, आणि नक्कल घेतलेली डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा.